चार्जरच्या पोटातला पैसा

सोलापुरात मी आलो तो हापूस आंब्यांबरोबर. देवगडहून पेट्या भरून निघालेल्या टेम्पोवर मी क्लीनर होतो. मार्केट यार्डात आंबे उतरले आणि पाठोपाठ टेम्पोचा गिअरबॉक्सही खाली उतरला. ड्रायव्हर म्हणाला, "तू गाडीजवळ थांब, मी कोल्हापुरातून पार्ट घेऊन येतो." तो अजून यायचाय. आठ दिवसांनी टेम्पोचा मालक दुसरी गाडी घेऊन आला आणि टेम्पो बांधून ओढत घेऊन गेला. मला ओढून न्यायला कोण येणार? मी राहिलो.

शाळा मी नववीत सोडली होती. म्हणजे खरं सांगायचं तर नववीनं मला दोनदा ठेवून घेतलं, तिसऱ्यांदा मीच गेलो नाही. त्यामुळे कुठंही कामाला गेलो की पहिली धडधड व्हायची ती "मार्कलिस्ट आण" या वाक्याची. दुसरी धडधड कशाचीही चालते. गॅस बंद केला का, चप्पल देवळाबाहेर आहे का, समोरचा माणूस हसला तो का हसला. आई म्हणते, मी पाळण्यातसुद्धा दोरीकडे बघत झोपायचो.

एका शेडच्या मालकांनी मात्र मार्कलिस्ट मागितली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "हात स्वच्छ आहेत का?" मला वाटलं, चोरी-बिरीबद्दल विचारतायत. मी शपथ घ्यायला लागलो. ते म्हणाले, "अरे बाबा, तेलकट आहेत का विचारतोय. आमच्या मालाला तेल चालत नाही."

त्यांची शेड मुळात मागांची. वडिलांच्या काळात तिथं टॉवेल विणले जायचे. माग मोडीत गेले, शेड राहिली, आणि मालकांनी हिंमत करून तिथं नवाच धंदा मांडला. वायर न लावता, नुसता वर ठेवून मोबाईल चार्ज होतो ना, तसल्या चार्जरच्या आत एक काळसर चकती असते. ती चकती आम्ही बनवतो. ऐकणाऱ्याला मी हे सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या चपलांकडे बघतो.

ही चकती काय करते ते मला जॉबरमामांनी समजावलं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, शेडमधला मोठा कारागीर. माग गेले तरी त्यांचं नाव तेच राहिलं. ते करकंबचे, घरी ऊस. त्यामुळे त्यांचं सगळं ज्ञान पाण्यावरून निघतं.

"हे बग कोकण्या," ते म्हणाले, "चार्जरमदी तांब्याच्या तारंचं वेटोळं असतंय. त्यातनं चुंबकाचं बळ निगतंय. वरच्या अंगाला निगालं तर मोबाईलला गावतंय. खालच्या अंगाला निगालं की खाली जे लोखंड-तांबं आसंल त्यात घुसतंय आन् त्येला तापवतंय. पाटाचं पानी शेजाऱ्याच्या रानात. मग आपन काय करतो?"

"भांडतो?" मी म्हणालो.

"बांद घालतो! ही चकती म्हंजी बांद हाय. खाली जानारं बळ अडवायचं आन् वळवून माघारी धाडायचं. कळलं का?"

कळलं. पुढं मालकांनी सांगितलं की या धातूला मऊ चुंबकी धातू म्हणतात. मी बोटानं दाबून बघितला, मऊ लागला नाही. ते म्हणाले, हाताला मऊ नाही रे, स्वभावानं मऊ. चुंबकपण अंगात चटकन घेतो आणि चटकन सोडतो, मनात धरून बसत नाही. मला त्या धातूचा हेवा वाटला.

माल रिळातून येतो. केसापेक्षा बारीक जाडीची चकचकीत पट्टी, भट्टीतून निघालेली, काचेसारखी ठिसूळ. तिला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची आणि दातेरी रुळांमधून काढायची, म्हणजे तिचे आतल्या आत बारीक बारीक तुकडे होतात. तुकडे झाले तरच ती स्वतः तापत नाही. मग तिच्यातून चकत्या कापायच्या. पहिल्या दिवशी रुळाखालून कडकड असा आवाज आला आणि मी मशीन बंद करून थेट मालकांकडे गेलो, "माझ्या हातून माल मोडला" म्हणून कबुली द्यायला. ते म्हणाले, "शाबास. आता उरलेला पण मोड."

चिकटपट्टी लावायचं काम अक्काचं. ती पूर्वी विड्या वळायची. तिच्या बोटांखालून गेलेल्या पट्टीत हवेचा एक बुडबुडा सापडत नाही. घरी तेलुगू, शेडमध्ये मराठी, आणि चिडली की दोन्ही. मला ती तम्मुडू म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. मला कावीळ झाली तेव्हा मालकांनी स्कूटरवर पुढं धरून दवाखान्यात नेलं आणि अक्कानं पंधरा दिवस बिनतेलाचं जेवण पाठवलं. जॉबरमामांनी ऊस आणला आणि तो त्यांना माझ्यासमोर बसून एकट्यालाच खावा लागला, कारण डॉक्टरनं मला रसवंतीचा रस नको सांगितला होता आणि "ऊस आन् रस एकच की" असं अक्का म्हणाली. अशी ही माणसं. त्यांच्या उपकाराखाली मी इतका वाकलेलो असायचो की जॉबरमामा म्हणायचे, "आरं, ताठ हुबा ऱ्हा की. चकत्या खाली सांडल्यात का?"

तर अशी दोन वर्षं गेली आणि मालकांनी एक दिवस आम्हा तिघांना बोलावलं. पुण्याची एक कंपनी मोटारीत लावायचा चार्जर बनवणार होती. तिची इंजिनिअर मॅडम येऊन आमचा नमुना तपासणार. नमुना पास झाला तर वर्षभराचं काम.

"आणि नाय झाला तर?" अक्कानं विचारलं.

मालकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "नाही झाला तर रूळ विकावे लागतील. मग सगळ्यांना सांभाळणं मला जमायचं नाही."

शेवटी आलेला कोण हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, आणि मला तर सगळ्यांपेक्षा जास्त. सोलापूर सुटलं तर मी कुठं जाणार होतो? गावी जाऊन आईला काय सांगणार होतो, टेम्पो दुरुस्त झाला म्हणून?

रात्रभर काळजी केली असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मी दिवसासुद्धा केली.

दुपारच्या सुट्टीत आईला फोन लावला. शेडमध्ये मशीनचा आवाज असतो म्हणून स्पीकर चालू होता. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थांब, गाऱ्हाणा घालतंय."

"आये, आता नको, हय माणसां आसत."

"माणसां आसत तर बराच आसा. व्हय म्हणूक कोणीतरी होयाच."

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना एकजण सांगतो आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा असतो. होकार नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही. आईचा आवाज चढला. "बा देवा म्हाराजा! आज तुझा ह्या लेकरू परमुलखात सोलापुराक पोटासाठी ऱ्हवला हा, तेच्या हातून जा काय नवीन काम घडतला, तेका खंयचाच इघन येता नये रे म्हाराजा!"

आणि थांबली. मी एकटाच पुटपुटलो, "व्हय म्हाराजा."

"आयकाक येना नाय!" आई ओरडली.

जॉबरमामा भाकरी मोडत होते. त्यांना मालवणी ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रसंग ओळखायला माणूस तयार. त्यांनी घास खाली ठेवला आणि शेडचा पत्रा हलेल असा हाळी दिल्यासारखा आवाज काढला, "व्हय म्हाराजा!" अक्काही म्हणाली. तिसऱ्या वाक्याला तर आतून हिशेब सोडून मालक बाहेर आले आणि काय चाललंय ते न विचारता त्यांनीही होकार भरला. आई खूश. मग तिनं हळू आवाजात मला विचारलं, "आणि पैसो घातलंस मां?"

ही आमच्या घरची रीत. माझे वडील होड्या बांधायचे. नवी होडी पाण्यात लोटायच्या आधी तिच्या पोटात, फळ्यांच्या सांध्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक तांब्याचा पैसा ठेवायचा. पैसा न ठेवता होडी लोटली तर दर्या तिला आपली मानत नाही. वडिलांनी बांधलेल्या एकाही होडीत त्यांनी हे चुकवलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत उरलेले तीन-चार भोकाचे पैसे आईनं मला देऊन ठेवले होते. मी ते बॅगेच्या तळाशी बाळगून होतो. आजवर लोटायला होडी कुठं होती?

"आये, ही होडी नाय. चार्जर आसा."

"जेच्यावर पोट आसा ती होडीच." फोन बंद.

आता माझी बाजू समजून घ्या. मी काही अडाणी नव्हतो. चुंबकाचं बळ, बांध, पाट, सगळं मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक असतो, नाहीतर नववी तरी का अडली असती! नमुन्याच्या चार्जरची प्लास्टिकची डबी कंपनीनंच पाठवली होती. वर वेटोळं, त्याखाली आमची चकती, तिच्याखाली बोटभर पोकळी, आणि मग झाकण. चार स्क्रू पिळायचं काम माझ्याकडे होतं. ती पोकळी बघितल्यावर मला वडिलांच्या होडीतला सांधाच दिसला. मालकांसाठी, अक्कासाठी, जॉबरमामांसाठी आपल्याकडून एवढं तरी व्हावं, असं मनात आलं. पैशाला कुंकू लावलं, खाली चिकटपट्टीचा तुकडा लावला, पोकळीत बसवला आणि झाकण पिळलं. कामाला लागल्यापासून पहिल्यांदा छातीतली धडधड थांबली. त्या दिवशी मी सरळ ताठ उभा राहिलो. जॉबरमामांनी विचारलं, "पाटीत उसन भरली काय रं?"

मॅडम आल्या त्या एप्रिलच्या उन्हात. वयानं माझ्याएवढ्याच, पायात बूट, पाठीवर बॅग, बोलणं मोजकं. मालकांनी थंड ताक दिलं, अक्कानं शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं केली. मॅडमनी भाकरी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ही कशी मोडायची?" जॉबरमामा माझ्या कानात म्हणाले, "बाई लई बारीक बगतीया. भाकरी तपासती, मग चकतीचं काय खरं न्हाय."

तपासणी शेडच्या मधल्या टेबलावर सुरू झाली. मॅडमनी आमचा चार्जर मांडला, त्यावर मोबाईल ठेवला, हातात ते लांबून ताप मोजायचं पिस्तूल घेतलं. मालक शेजारी उभे, हात जोडल्यासारखे. मोबाईलवर चार्जिंगचं चिन्ह आलं. सगळ्यांनी श्वास सोडला.

"आता अर्धा तास," मॅडम म्हणाल्या. आणि वेळ काढायला म्हणून मालकांना सांगू लागल्या, "मोटारीत याच्या खाली लोखंडी पत्रा असणार आहे. त्यामुळे शीट, म्हणजे तुमची ही चकती, चांगली नसेल तर अवघड आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका सॅम्पलखाली आम्ही मुद्दाम धातू ठेवला होता. दहा मिनिटांत एवढा तापला की प्लास्टिक वितळलं."

"धातू म्हणजे?" मालकांनी विचारलं.

"काहीही. वॉशर, पिन, नाणं."

पाट, बांध, शेजाऱ्याचं रान, सगळं एकदम आठवलं. तांबं! मी तांबं ठेवलं होतं! बरोबर चकतीच्या खाली! मला आता डोळ्यांसमोर पैसा तव्यासारखा लाल होताना दिसू लागला. कुंकू पेटतंय, डबी फुगतेय, मॅडमचा मोबाईल उडतोय, रूळ विकले जातायत, अक्का पुन्हा विड्या वळतेय.

चार मिनिटं झाली होती. मी काय करावं? खरं सांगावं हे सुचायला मला जास्त चांगलं शिक्षण लागलं असतं. मला सुचलं ते मी केलं. सावकाश मागं सरकत गेलो आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. शेड गप्प झाली.

"लाईट गेली," मी मोठ्यानं म्हणालो. "सोलापुरात जाते अशी. आज आता येत नाही. मॅडम, उद्या या."

जॉबरमामांनी दाराबाहेर मान काढली. समोरच्या गिरणीचा पट्टा धडाधडा फिरत होता. त्यांनी मान आत घेतली आणि माझ्या हाताकडे बघितलं. हात अजून स्विचवरच होता.

"कोकण्या," ते शांतपणे म्हणाले, "लाईट तुज्या मुठीत हाय. सोड तिला."

"अहो पण चार्जर..."

"चार्जर चालू आहे," मॅडम म्हणाल्या. वर बघितलंसुद्धा नाही. "मी बाहेरच्या विजेवर टेस्ट करत नाही. पॉवर बँक लावलीय."

मी स्विच वर केला. पंखे सुरू झाले. मालक माझ्याकडे असे बघत होते, जणू माझी कावीळ उलटली होती. अक्का जवळ येऊन पुटपुटली, "अय्यो, तम्मुडू, जेवलास का नाही?"

उरलेली पंचवीस मिनिटं मी त्या डबीकडे बघत काढली. धूर येतोय का, वास येतोय का. दोनदा वास आला. एकदा अक्काच्या चटणीचा, एकदा माझ्या घामाचा. मॅडम दर पाच मिनिटांनी पिस्तूल रोखायच्या, आकडा लिहायच्या. मी आकड्याकडे बघायचं धाडस केलं नाही. अर्धा तास झाला. मॅडम म्हणाल्या, "छान. कुठंच तापलं नाही."

मालकांनी डोळे मिटले. जॉबरमामांनी मिशीवर हात फिरवला. आणि मॅडमनी चार्जर उचलला, आणि बाजारात नारळ घेताना माणूस करतो तसा कानाशी धरून हलवला.

खुळ. खुळ.

एप्रिलच्या पत्र्याखाली रात्रंदिवस पडून चिकटपट्टीनं हात टेकले होते.

"आत काहीतरी सुटलंय," मॅडम म्हणाल्या आणि बॅगेतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. एकेक स्क्रू निघत होता आणि मी मनात एकेक गाव आठवत होतो, जिथं नववी नापासाला काम मिळेल. झाकण उघडलं. भोकाचा पैसा, कुंकू लावलेला, गोल फिरून टेबलावर आडवा झाला.

मॅडमनी तो बोटानं उचलला.

"हे काय आहे?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. स्क्रू कोण पिळतं ते त्यांना माहीत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात जॉबरमामा पुढं झाले. गेली तीस वर्षं त्यांनी बिघडलेले माग गिऱ्हाइकासमोर चालू असल्याचं दाखवलं होतं.

"टेस्ट हाय मॅडम," ते म्हणाले. "आमची शेडमदली टेस्ट. चकतीखाली पैसा ठिवायचा. पैसा तापला न्हाय तर माल पास. बगा की, गार हाय."

मॅडमनी पैसा गालाला लावला. "खरंच गार आहे," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर पहिल्यांदा कौतुक दिसलं. "पण हे लाल काय लावलंय?"

"ते... कुकू."

"कशाला?"

जॉबरमामा क्षणभरच थांबले. "तापला की रंग बदलतंय."

मॅडमनी वही काढली. "किती डिग्रीला?"

आता जॉबरमामांनी माझ्याकडे बघितलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. अक्कानं छताकडे बघितलं. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. मी एक आकडा सांगितला असता तर तो वहीत गेला असता, वहीतून पुण्याला गेला असता, आणि उद्या कुठल्यातरी मोटारीत, कुठल्यातरी माणसाच्या मोबाईलखाली, कुंकवाच्या भरवशावर चार्जर लागला असता. एवढी मोठी काळजी माझ्या अंगात मावत नव्हती. माझ्याकडे आधीच जागा कमी.

"मॅडम," मी म्हणालो, "टेस्ट नाहीय ती. होडी आहे."

आणि मग सगळं सांगितलं. वडील, फळ्यांचा सांधा, दर्या, आई, मेन स्विच, सगळं. सांगताना मध्येच मालवणी यायला लागलं, ते जॉबरमामांनी मराठीत करून सांगितलं. त्यांना ते येत नाही हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मी म्हणालो, "माल यांचा आहे, चूक माझी आहे. मला काढा, पण माल बघा."

मॅडमनी बॅगेतून दुसरं एक उघडं वेटोळं काढलं, चालू केलं, पैसा चकतीशिवाय नुसता त्याच्याखाली धरला. तीन-चार मिनिटांनी मला म्हणाल्या, "उचला." मी उचलला आणि तसाच टाकला. बोट चटका बसून लाल. मग मध्ये आमची चकती घातली, पैसा गार झाल्यावर पुन्हा ठेवला, पुन्हा तेवढाच वेळ. "उचला." मी उचलायला तयार नव्हतो. अक्कानं पुढं होऊन उचलला, तळहातावर ठेवला, आणि मालकांना तेलुगूत काहीतरी म्हणाली. मालक हसले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसणं.

"माल पास आहे," मॅडम म्हणाल्या. "पण सॅम्पलमध्ये बाहेरची वस्तू सापडली हे मला लिहावंच लागेल. त्याचा एक फॉर्म आहे. ज्यानं केलं त्यानं भरून, सही करून पाठवायचा. फॉर्म आल्याशिवाय ऑर्डर पुढं सरकणार नाही."

त्या गेल्यावर मालकांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मी बॅग भरूनच गेलो. बॅग बघून ते म्हणाले, "कुठं निघालास? फॉर्म कोण भरणार?"

फॉर्म कॉम्प्युटरवरून छापून घेतला होता. जॉबरमामा आणि अक्काही आत आले, कारण अशा गोष्टीला माणसं लागतातच. पहिला रकाना, काय घडलं. मी लिहिलं. दुसरा रकाना, मूळ कारण. मी बराच विचार करून लिहिलं, "आईनं विचारलं म्हणून." मालक म्हणाले, आईला मध्ये आणू नको. मग लिहिलं, "डबीत मोकळी जागा होती म्हणून." ते त्यांना पटलं. तिसरा रकाना, नाव. चौथा रकाना, पद.

"पद काय माझं?" मी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षं मी पाट्या उचलल्या, रूळ फिरवले, स्क्रू पिळले, झाडलं, पण मला पद असं काही नव्हतं. मी रोजावर. मालकांनी फॉर्म उलटा करून बघितला, मागं काही सूट लिहिलीय का म्हणून. नव्हती. त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, रकाना रिकामा चालत नाही. आणि पद असलं म्हणजे माणूस कायमचा कामावर असलेला पाहिजे, रोजावरच्याची सही आमची कंपनी धरत नाही.

फोन ठेवल्यावर मालक खुर्चीत मागं टेकले. नमुना बिघडवणारा माणूस ठेवून घेतल्याशिवाय नमुन्याची ऑर्डर येणार नव्हती.

"काय लिहायचं सांगा," ते इतरांना म्हणाले.

"कोकणी ल्हिवा," जॉबरमामा म्हणाले.

"ते पद नाही."

"लाईटमन ल्हिवा मग. स्विच चांगला वडतो."

अक्का म्हणाली, "कुणी आत काय ठेवलं, ते ह्यालाच बघायला बसवा. ठेवणाऱ्यालाच कळतं कुठं ठेवतात."

मालकांनी पेन उचललं आणि चौथ्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "तपासनीस". मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी सही इतकी मोठी केली की ती चौकटीबाहेर गेली, शेजारच्या तारखेच्या रकान्यात. मालक म्हणाले, "राहू दे. तारीख खाली लिहितो."

तेव्हापासून शेडमधून बाहेर जाणारा प्रत्येक नमुना मी उघडतो, चिमटीनं चाचपतो, कानाशी धरून हलवतो, आणि मग बंद करतो. पुण्याची ऑर्डर आली, नंतर आणखी एक आली. माझी जागा पक्की झाली, पण धडधड कमी झाली नाही. फक्त तिला आता पगार मिळतो.

मागच्या महिन्यात एका नव्या गिऱ्हाइकासाठी पहिला नमुना निघणार होता. मोठं गिऱ्हाईक. मी डबी हलवली, आवाज नाही. तरी उघडली. पोकळीत, कापसात नीट गुंडाळलेलं, एक छोटं हळकुंड होतं. गुंडाळी इतकी सफाईची की तिच्यावर कुठं सुरकुती नव्हती. सबंध शेडमध्ये तशी गुंडाळणारी बोटं एकाच माणसाची.

मी वळून बघितलं. अक्का पट्टी लावत होती. तिनं मान वर केली नाही. जॉबरमामा आपले रुळाला तेल देत होते, म्हणजे जिथं तेल चालतं तिथं. हळकुंड काही धातू नाही, ते तापणार नव्हतं, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तरी मी हळकुंड काढून अक्काच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिनं पट्टीवरची नजर न काढता ते डाव्या हातानं उचललं आणि डब्याच्या पिशवीत टाकलं.

"रागावला का, साहेब?" ती म्हणाली.

"नाही."

"मग झाकण लाव की. गाडी उभी आहे."

मी झाकण लावलं, चार स्क्रू पिळले, वहीत लिहिलं, "एक नग, तपासला, ठीक." आणि सही केली.